राउंडवरचं उत्तर

३ मार्च

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि तशीच रद्दीत जातात. यंदा ती वापरायची ठरवली. पुढून साबण आणि भाजी, मागून हे लिखाण. मधे कुठंतरी दोघांची गाठ पडेल तेव्हा नवी वही घेईन.

आज दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी यांच्या उजव्या हाताची शेवटची पट्टी काढली. बोटं आत वळलेली आहेत, मूठ मिटता मिटता थांबून राहिल्यासारखी. अंगठा तेवढा हलतो. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम सोडू नका, पण पुन्हा कुंचला धरता येईल अशी आशा ठेवू नका." हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. आमच्या बाजारातून चालत गेलं तर दोन्ही बाजूंना यांचंच अक्षर. डॉक्टरांचं ऐकून हे हसले आणि म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, नाही का?" डॉक्टर बिचारे खिडकीकडे बघायला लागले.

झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर माझे शब्द बदलायचे नाहीत. हे शिडीवरून पडले, मनगटाच्या वर हाड मोडलं. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी बोटं फुगली, मग निळसर झाली. मी परिचारिकेला सांगितलं. ती म्हणाली, "प्लास्टर म्हटलं की दुखतंच, मोठे डॉक्टर राउंडला येतील तेव्हा पेशंटलाच त्यांना सांगू दे." राउंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात. मी जिन्यात बसून जप करत होते. प्लास्टर कापलं तेव्हा आतला हात मेणासारखा पडला होता.

आज निघताना मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, "प्लास्टर आधी कापलं असतं तर?" ते म्हणाले, "तर..." आणि पुढं बोललेच नाहीत. ते वाक्य कुणाकडून तरी पुरं करून घेतल्याशिवाय मी राहणार नाही.

६ मार्च

भाऊजी आले होते. यांचे धाकटे भाऊ, कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे. मी खटल्याचं नाव काढताच म्हणाले, "वहिनी, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

आमची लेक तिथंच बसली होती. तिला हे लाडानं तोफ म्हणतात. ती म्हणाली, "काका, शहाण्यांनी चढायची नाही, वेड्यांना परवडायची नाही. मग ती पायरी बांधली कुणासाठी?"

मी तिला दटावलं. मोठ्या माणसाला असं बोलू नये. पण मुद्दा बरोबर होता.

१० मार्च

तोफेनं एक वकीलबाई शोधून काढल्या. फक्त जखमी झालेल्या माणसांच्या केसेस घेतात. चपलांच्या दुकानावर ऑफिस, जिन्यात चामड्याचा वास. टेबलावर कागदांचे ढीग आणि एका ढिगावर शेंगदाण्यांची पुडी. मी बोलायला सुरुवात केली आणि मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडा, पण तारखा सांगत सांगत रडा." मी सांगितल्या. मग रडू आपोआप थांबलं.

त्यांनी जे समजावलं ते मला मॅट्रिकच्या बुद्धीनं असं कळलं. डॉक्टरच्या हातून वाईट झालं एवढं दाखवून भागत नाही. कुठल्याही जाणत्या डॉक्टरनं जे केलं असतं ते या डॉक्टरनं केलं नाही, हे दाखवावं लागतं. आणि हात त्याच्यामुळंच गेला, दुसऱ्या कशानं नाही, हेही दाखवावं लागतं. हे सांगायला साक्षीदार म्हणून पुन्हा डॉक्टरच लागतो.

"डॉक्टरविरुद्ध डॉक्टर बोलेल?" मी विचारलं.

"नाही ना बोलत. म्हणून तर मला शेंगदाणे खायला वेळ मिळतो."

यांनी आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. वकीलबाईंनी विचारलं, "पेंटरसाहेब, तुम्हाला स्वतःला हे करायचंय का?" हे म्हणाले, "हिला करायचंय तर बरं आहे." वकीलबाईंनी यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग इस्पितळाकडून सगळे कागद मागवायचा अर्ज तिथंच लिहिला.

हे रोज संध्याकाळी बाजारात चक्कर मारायला जातात. मोकळी हवा मिळते, बरं झालं. आज भाजी निवडता निवडता विचारलं, "हात कसाय?" बरं आहे म्हणाले.

२ एप्रिल

इस्पितळाचे कागद आले. वकीलबाईंनी आम्हा तिघांना बोलावून एकच ओळ वाचून दाखवली. राउंड संपला की लिहिलेली. "रुग्णास विचारणा केली. बरे वाटते असे सांगतो. तक्रार नाही." पुढच्या राउंडला तीच ओळ. त्याच्या पुढच्यालाही तीच.

मी ताडकन म्हणाले, "साफ खोटं! चोराच्या उलट्या बोंबा!"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "खोटं नाही गं. म्हणालो मी तसं."

"काय म्हणालात?"

"बरं आहे म्हणालो. कृपा आहे म्हणालो."

"बोटं निळी पडली होती आणि कृपा आहे?"

"अगं, एवढा मोठा माणूस, मागं सात-आठ जणांचा लवाजमा. दारातून विचारलं, कसं काय पेंटर? आता त्याला काय गाऱ्हाणं सांगत बसायचं?"

तोफ उठून जिन्यात गेली. वकीलबाईंनी शेंगदाण्यांची पुडी बंद करून ठेवली. त्या म्हणाल्या, "ते याच ओळीवर खटला लढवणार. रुग्णानंच सांगितलं नाही, आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत? आणि खरं सांगू, ऐकणाऱ्याला ते पटतं."

 घरी येऊन देवापुढे बसले. माणूस कुणाची तरी चूक शोधायला निघावा आणि ती आपल्याच माणसाच्या माथी निघावी! पण मग विचार केला. यांनी सांगितलं नाही ते नाही. बोटं तर सांगत होती ना? बोटांना कुठं भीड होती?

उद्यापासून डॉक्टर शोधायचा.

२८ एप्रिल

डॉक्टर शोधणं म्हणजे आंधळ्यानं सुईत दोरा ओवणं. पहिल्यानं कागद पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, "फार वाईट झालं, पण माझं नाव नको." दुसऱ्यानं पाहिलेच नाहीत. तिसऱ्यानं सगळं नीट समजावलं. प्लास्टरच्या आत सूज येते, तिला पसरायला जागा नसते, मग रक्त पुढं जात नाही आणि स्नायू मरतात. मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढंच कागदावर लिहून द्या." तर म्हणतो, "बाई, तुम्ही माझ्याकडे आलाच नव्हता."

मी म्हणाले, "मग तपासणीची फी कशाची घेतलीत?"

त्यानं फी परत केली. तेवढंच पुण्य पदरात पडलं.

१५ मे

भाऊजींच्या दुकानी गेले होते. देवानं त्यांच्याकडे पाहिलं. नवं मोठं काम मिळालंय. मागच्या अंगणात दोऱ्यांवर हिरव्या चादरी आणि हिरवे सदरे, इतके की पलीकडची भिंत दिसेना. नवं यंत्रही घेतलंय. मला फार आनंद झाला. एका भावाचं गेलं तर दुसऱ्याचं आलं, घरातच राहिलं.

त्यांनी आमच्यासाठी केवढी खटपट केली! इस्पितळात कुणाला तरी जाऊन भेटले म्हणे, स्वतःहून. ते लोक यांना दारावर बसायची नोकरी द्यायला तयार आहेत. शिवाय हाताचे व्यायाम फुकट. आपण फक्त एका कागदावर सही करायची, की आमची काही तक्रार नाही.

तोफ माझ्याबरोबर होती. ती त्या दोऱ्यांकडे बघत म्हणाली, "काका, हे हिरवे कपडे कुणाचे?"

"आहेत एका संस्थेचे."

"संस्थेत माणसं कापतात का?"

भाऊजी यंत्राचं काहीतरी बघायला आत गेले. या मुलीला जिभेला हाड नाही. घरी आल्यावर मी तिला खूप बोलले. यांना सांगितलं तर हे एवढंच म्हणाले, "राहू दे. त्यालाही पोटं आहेत भरायची."

सही मात्र करायची नाही हे मी भाऊजींना सांगून आले. नोकरीचा नाद मलाही सुटत नव्हता, खोटं कशाला लिहू? महिनाअखेर डोळ्यांपुढे उभी राहते. पण दारावर बसून हे त्याच मोठ्या डॉक्टरांना रोज नमस्कार करणार. डाव्या हातानं.

४ जून

वकीलबाईंनी एका निवृत्त सर्जनचा पत्ता दिला. वय झालेलं, एकटेच राहतात, घरभर पुस्तकं. मोठे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. मी एकटीच गेले. त्यांनी दार अर्धं उघडलं.

"विद्यार्थ्याविरुद्ध साक्ष? मला शेवटच्या प्रवासाला चार खांदे तरी मिळू देत."

मी म्हणाले, "खांदे आम्ही देऊ. आमच्या घरातला एक हात कमी पडेल, एवढंच."

दार लावून घेतलं. मला वाटलं, उगाच बोलले.

११ जून

पुन्हा गेले. या वेळी यांना घेऊन गेले. यांना बघून म्हातारे सर्जन दारातून बाजूला झाले. खुर्चीवर बसवलं, दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला.

"दुखतं का?"

"नाही डॉक्टर. बरं आहे."

त्यांनी एक बोट धरून हळूच सरळ करायला ओढलं. यांच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं.

"आता?"

"बरं आहे. आपली कृपा."

सर्जन एकदम ओरडले, "माणूस आहेस की दगड!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा जन्मभर असाच आहे?"

"पंचवीस वर्षं तरी असेच आहेत. मी चहात साखर घालायला विसरले तरी पितात."

ते उठले, कागद उचलून खिडकीपाशी गेले. ती ओळ वाचली, पुढचं पान उलटलं, पुन्हा तीच ओळ वाचली. म्हणाले, "मी शिकवायचो तेव्हा पहिल्या तासाला सांगायचो. प्लास्टर घातलेल्या रुग्णाच्या तोंडाकडे बघू नका, बोटांकडे बघा. बोट ओढा. किंचाळला तर प्लास्टर चिरा. किंचाळला नाही आणि घाम आला, तरी चिरा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. हा पोरगा पहिल्या बाकावर बसायचा."

मग कागद एकेक करून नीट लावले. मी मनात देवाचं नाव घेत होते. शेवटी म्हणाले, "लिहितो. वाक्य लहान लिहीन, म्हणजे वकिलांना मोडता येणार नाही."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "भला माणूस आहे." बोट चोळत होते. मी विचारलं, "फार दुखलं का हो?" तर म्हणाले, "छे."

२० जून

खटला दाखल झाला. देवापुढे एक दिवा जास्त लावला. तेल जास्त लागलं, पण ते हिशेबात न लिहिता चालेल.

९ सप्टेंबर

मधे लिहिण्यासारखं काही नाही. तारखेला गेलो, तारीख घेऊन आलो. एकदा त्यांचे वकील आजारी, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा सगळे हजर आणि फाईल गायब. न्यायालयातले बाक इतके गुळगुळीत झालेत, किती पिढ्यांनी घासले असतील देव जाणे. मी जपमाळ घेऊन जाते. तोफ म्हणते, "आई, तुझा जप पुरा होईल पण कोर्टाची तारीख पुरी होणार नाही."

यांच्या चकरा चालू आहेत. कापडवाल्यानं यांनी रंगवलेली पाटी उतरवून छापील प्लास्टिकची लावली म्हणे. मी म्हणाले, "वाईट वाटलं का?" म्हणाले, "छान आहे, रात्री आतून दिवा लागतो." यांचा स्वभाव किती चांगला आहे.

१४ जानेवारी

पुढच्या आठवड्यात यांची साक्ष. आज घरात भांडण झालं.

तोफ म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढंच म्हणायचं. मी डॉक्टरांना सांगितलं होतं दुखतंय, त्यांनी लिहिलं नाही. कोण बघायला होतं? सगळी खोली त्यांच्याच माणसांची. ते तर खोटं बोलणारच. मग आपणच तेवढे सोवळे का?"

हे म्हणाले, "तुम्ही दोघी म्हणाल तसं म्हणतो."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, मला मोह झाला. एक वाक्य. तेही पूर्ण खोटं नाही, हात तर ओरडतच होता. एका वाक्यानं यांच्या कपाळावरचा तो डाग पुसला जाईल, की हात यांनीच घालवला. खटला हरलो तर तेच कायमचं लिहून राहणार. न्यायालयाच्या शिक्क्यासकट.

मी उठून देवापुढे बसले. देवानं काही सांगितलं नाही, तो असल्या वेळी बोलत नाही. पण एक कळलं. खोट्यानं जिंकलो तर मला रोज याच जागी बसायचंय. परत येऊन म्हणाले, "जे म्हणालात तेच सांगायचं. बरं आहे म्हणालात ना? मग मान वर करून सांगा, बरं आहे म्हणालो."

तोफ म्हणाली, "आई, हरू आपण."

"हरू. पण आपलं हरू."

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी खोटं शिकवणार नव्हतेच. पण हे उत्तर आपल्याला बुडवू शकतं, हे माहीत असू द्या." मी म्हणाले, माहीत आहे.

२१ जानेवारी

आज साक्ष झाली. जमेल तसं सगळं लिहिते.

न्यायाधीश मध्यम वयाचे, सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. हे साक्षीच्या जागी गेले. न्यायाधीशांनी हात बघून खुर्ची द्यायला सांगितली आणि कागद चाळता चाळता विचारलं, "काय, कसे आहात?"

"बरं आहे साहेब. आपली कृपा."

मोठे डॉक्टर पुढच्या बाकावर होते. त्यांच्या शेजारच्या माणसानं त्यांना कोपरानं ढोसलं. तोफेनं माझा हात आवळला.

म्हाताऱ्या सर्जनची साक्ष मागच्या तारखेला झाली होती, वाक्यं खरोखरच लहान होती. आज इस्पितळाच्या वकिलाची पाळी. गोड माणूस, आवाज तर असा की सरबत.

"मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला दर राउंडला विचारलं?"

"विचारलं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"बरं आहे."

"दुखतंय असं एकदाही सांगितलं नाही?"

"नाही."

"तोंड चालत होतं ना तुमचं?"

"हो. चहा मागितला होता मी."

कुणीतरी हसलं. वकील पण हसले. "म्हणजे पेंटरसाहेब, दुखत असताना तुम्ही डॉक्टरांना खोटं सांगितलंत. आणि आज खरं सांगताय यावर आम्ही विश्वास ठेवायचा. बस, एवढंच विचारायचं होतं."

मला वाटलं, संपलं. माझ्या हातातली माळ कुठल्या मण्यावर होती तेही कळेना.

वकीलबाई उठल्या. हातात कागद होता तो त्यांनी टेबलावर पालथा घातला. म्हणाल्या, "आज सकाळी साहेबांनी तुम्हाला विचारलं, कसे आहात. तुम्ही काय म्हणालात?"

"बरं आहे म्हणालो."

"ते खरं होतं?"

यांनी डाव्या हातानं वाकडी बोटं झाकली. न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला.

"नाही," हे म्हणाले.

"मग का म्हणालात?"

"आता कसं सांगू बाई." हे खुर्चीत जरा पुढं सरकले. "मोठा माणूस चालता चालता विचारतो ना, तेव्हा त्याला उत्तर नको असतं. त्याला पुढं जायचं असतं. आपण त्याची वाट मोकळी करून द्यायची. मी माझ्या गिऱ्हाइकांनाही तेच सांगतो, रंग वाळला का विचारलं की वाळला. पण ज्याला खरंच जाणून घ्यायचं असतं ना, तो विचारत नाही. बोट लावून बघतो."

इस्पितळाचे वकील उठले आणि म्हणाले, "हे भाषण आहे." न्यायाधीश म्हणाले, "बसा." मग यांना म्हणाले, "हात इकडं करा." यांनी हात पुढं केला. न्यायाधीश खुर्चीतून उठून वाकले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी चष्मा लावला.

"आत्ता दुखतंय?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, म्हणजे हो म्हणा असं नाही, खरं ते सांगा असं.

"हो साहेब. फार दुखतं. पट्टी काढली त्या दिवसापासून दुखतंय."

मोठे डॉक्टर हाताकडे बघत नव्हते. छताच्या पंख्याकडे बघत होते.

हे लिहिताना एक गोष्ट समजत नाही. त्या दिवसापासून दुखतंय तर मला कसं बोलले नाहीत? मी तर रोज विचारते. भाजी निवडताना, भांडी लावताना, दिवा लावायला उठताना, एक दिवस चुकवत नाही. उद्या वकीलबाईंकडे निघायच्या आधी यांना विचारलं पाहिजे.

१८ फेब्रुवारी

निकाल लागला. वकीलबाईंनी मला शेवटचं पान वाचायला दिलं. भाषा अवघड आहे, पण एक वाक्य मी तिथंच पाठ केलं. "रुग्ण बरे असल्याचे सांगतो एवढ्यावरून त्यास तपासण्याचे कर्तव्य संपत नाही." इस्पितळ जबाबदार. हात यांच्यामुळं गेला नाही. शिक्क्यासकट.

भरपाई किती ते पुढच्या बाजूला लिहिलंय, तिथं जागा आहे.

तोफ वकीलबाईंच्या गळ्यात पडली. त्या म्हणाल्या, "अगं शेंगदाणे सांडतील." मग सांडले. इस्पितळ वरच्या न्यायालयात जाणार असं ऐकलं. जाऊ देत. पायऱ्यांची आता सवय झाली. गुडघ्यांना तेल लावून तयार राहते.

मोठे डॉक्टर बाहेर पडताना यांच्यासमोर आले. थांबले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "कसं काय, पेंटर?"

हे म्हणाले, "दुखतं, डॉक्टर."

डॉक्टर तसेच उभे राहिले. त्यांना पुढं जायचं होतं बहुतेक, पण हे वाटेतून हलले नाहीत.

२ मार्च

भाऊजी आले होते. त्यांचं ते हिरव्या कपड्यांचं काम सुटलं म्हणे, अंगण मोकळं झालंय. एकाएकीच. देवाची करणी, कुणाचं काय चाललंय सांगता येत नाही. मान खाली घालून बसले होते. हे म्हणाले, "जेवून जा रे." मी वाढलं. तोफेनंही वाढलं, गप्प राहून. ही मुलगी शहाणी होत चालली आहे.

९ मार्च

आता यांच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

न्यायालयातून आल्यापासून हे बदललेत. परवा म्हणाले, चहा गार आहे. काल म्हणाले, ही उशी मला लग्न झाल्यापासून टोचते. मी म्हणाले, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तू विचारलंस की लगेच वळायचीस. आज सकाळी मी देवापुढे आरती म्हणत होते तर हे मागून म्हणाले, "ऐकलंस का, दुसरं कडवं तू नेहमी चुकीच्या सुरात म्हणतेस." देवानंही इतक्या वर्षांत कधी तक्रार केली नव्हती!

मी रागावले. मग मुकाट उठून समोर जाऊन बसले. म्हणाले, "अजून काय काय आहे? एकदाचं सांगून टाका."

हे बोलायला लागले. कापडवाल्याच्या पाटीचं निघालं. त्या पाटीतलं एक अक्षर यांनी तीन वेळा पुसून काढलं होतं, ते कुणाला कळणारही नव्हतं, पण यांना कळत होतं. ती पाटी उतरवली त्या दिवशी हे रस्त्याच्या पलीकडे उभे होते. दुकानदारानं विचारलं, कसं वाटतंय नवं? हे छान आहे म्हणाले होते. मी त्या दिवशी घरी कुठं होते, काय करत होते, आठवतच नाही. आज मी यांच्या वाकड्या बोटांवर कोमट फडकं धरून बसले होते, ते गार झालं, पुन्हा गरम करून आणलं. हे बोलतच होते.

उद्या परत समोर बसायचंय. त्यांचं अजून सांगून व्हायचंय.